अंतर्वर्तुळाची त्रिज्या: क्षेत्रफळावरून, स्पर्शिकाखंडावरून की कंपासने?

अंतर्वर्तुळ म्हणजे त्रिकोणाच्या आतून तिन्ही बाजूंना स्पर्श करणारं वर्तुळ. तिन्ही बाजू दिल्या असतील तर क्षेत्रफळाची पद्धत बिनधास्त वापरा; ती कुठल्याही त्रिकोणाला चालते. अंतर्मध्य, म्हणजे या वर्तुळाचं केंद्र, शिरोबिंदूंना जोडला की तीन त्रिकोण होतात आणि प्रत्येकाची उंची म्हणजे त्रिज्याच. म्हणून क्षेत्रफळ = अर्धपरिमिती (तिन्ही बाजूंच्या बेरजेचं निम्मं) × त्रिज्या. बाजू 13, 14, 15 सेमी असतील तर अर्धपरिमिती 21, हेरॉनच्या सूत्राने (21 मधून एकेक बाजू वजा करून 8, 7, 6) क्षेत्रफळ √(21×8×7×6) = 84 चौसेमी, त्रिज्या 84 ÷ 21 = 4 सेमी. घाईत पूर्ण परिमितीने, 42 ने भागलं की उत्तर निम्मं येतं.

काटकोन त्रिकोणात त्याहून सोपं: काटकोन करणाऱ्या बाजूंच्या बेरजेतून कर्ण वजा करून निम्मं करा. 5, 12, 13 साठी (5+12−13) ÷ 2 = 2 सेमी, तोंडी.

गोंधळ होतो तो हे सूत्र सगळीकडे लावल्यावर. 13, 14, 15 ला (13+14−15) ÷ 2 = 6 येतं, आणि त्रिज्या तर 4. मग हे 6 कशाचं? 13 आणि 14 च्या बाजू जिथे मिळतात त्या शिरोबिंदूपासून स्पर्शबिंदूपर्यंतच्या, म्हणजे वर्तुळ बाजूला टेकतं तिथपर्यंतच्या, स्पर्शिकाखंडाचं. हे सूत्र नेहमी स्पर्शिकाखंडच देतं. काटकोनापाशी मात्र दोन स्पर्शिकाखंड आणि दोन त्रिज्या मिळून चौरस होतो, म्हणून तिथे तो त्रिज्येइतका भरतो. वर हेरॉनच्या सूत्रात आलेले 8, 7, 6 हेसुद्धा याच त्रिकोणाचे स्पर्शिकाखंड! ते समजले की पाठांतराचं ओझं बरंच उतरतं.

रचना करायला सांगितली असेल तर कंपास हवाच. दोन कोनदुभाजक काढा, छेदनबिंदूतून एका बाजूवर लंब टाका, लंबाएवढी त्रिज्या घ्या. बाजूंचे लंबदुभाजक काढले तर परिवर्तुळ, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं वर्तुळ, येईल. लंब न टाकता, कोनदुभाजक समोरच्या बाजूला जिथे छेदतो तिथपर्यंतच त्रिज्या घेणं ही जास्त फसवी चूक. 13-14-15 मध्ये 14 च्या बाजूवर असं केलं तर 4 ऐवजी सुमारे 4.03 सेमी येतात, फरक डोळ्यांना दिसतही नाही. 5-12-13 मध्ये 12 च्या बाजूवर तेच केलं तर 2 ऐवजी सुमारे 2.4 सेमी येतात आणि वर्तुळ तिन्ही बाजूंना छेदून बाहेर जातं. सरावासाठी म्हणूनच हा त्रिकोण घ्या.