डेबियनवर स्वतः बांधलेलं एफएफएमपेग : आठ महिने वापरल्यावर

बीड जिल्ह्यात हरिनाम सप्ताहांचं रेकॉर्डिंग करतो. संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे, आणि आवाज-व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलायला एफएफएमपेग हा प्रोग्राम वापरतो. दोन तासांचं कीर्तन १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) ११५ एमबीच्या आसपास जातं. वस्तीवरच्या माणसाच्या फोनवर ते उतरता उतरत नाही. एचई-एएसीत (कमी जागेत आवाज बसवणाऱ्या प्रकारात) ४८ केबीपीएसला तेच ४३ एमबीत बसतं आणि टाळ-पखवाज ऐकवतात. पण एफएफएमपेगच्या स्वतःच्या एन्कोडरला (फाइल त्या प्रकारात बदलणाऱ्या भागाला) एचई-एएसी जमत नाही. त्याला एफडीके ही लायब्ररी (प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) लागते, आणि परवान्यामुळं डेबियन ती जोडून देत नाही.

आधी एफएफएमपेग ५.१ चाच (डेबियन १२ मधली तीच आवृत्ती) सोर्स, म्हणजे मूळ कोड, घेऊन शेअर्ड लायब्ऱ्यांसह बांधला आणि सरळ 'मेक इन्स्टॉल' केलं होतं. लायब्ऱ्या यूएसआर-लोकलमध्ये (हातानं घातलेल्या सॉफ्टवेअरच्या जागी) गेल्या. प्रोग्रामसाठी लायब्ऱ्या शोधणारा लोडर ती जागा आधी बघतो, म्हणून केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादकानंही माझीच लायब्ररी उचलली. मी एक्स२६४ (एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ बनवणारी लायब्ररी) जोडलं नव्हतं. काल्याचं कीर्तन झालं, लोक व्हिडिओ मागत होते आणि एच.२६४ निघेना. डीपीकेजीला (डेबियनच्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला) यातलं काहीच ठाऊक नाही, त्यामुळं चूक सापडायला रात्र गेली.

मग डेबियनचाच सोर्स घेतला. 'डेब-एसआरसी' (सोर्सचं भांडार) आणि नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेल्या सॉफ्टवेअरचं भांडार) चालू केलं, मग एपीटी या पॅकेज घालणाऱ्या साधनानं 'एपीटी सोर्स' करून कोड आणला आणि 'बिल्ड-डेप'नं बांधायला लागणाऱ्या गोष्टी. रूल्स (कसं बांधायचं) फाइलीत एफडीके आणि नॉनफ्रीचे दोन पर्याय, कंट्रोल (काय काय लागतं) फाइलीत एक अवलंबन, आवृत्तीपुढं '+एफडीके१'. एवढाच बदल! मधेच लाइट गेली, पुन्हा बांधावं लागलं, ते वेगळं. पॅकेजांची नावं तीच राहिली, म्हणून व्हीएलसी, केडेनलाइव्ह कुणाचंच अवलंबन तुटलं नाही. फक्त या लायब्ऱ्या एकमेकींची नेमकी तीच आवृत्ती मागतात. मी त्यातली एकटी लिबएव्हीकोडेक५९ घातली तर एपीटी अडून बसलं. सगळ्या डेब (पॅकेजांच्या फायली) एकदम घातल्यावर सुटलं. या डेब मात्र कुणाला वाटू नका, नॉनफ्री बांधणीला ती परवानगी नाही.

सुरुवातीला 'होल्ड' (पॅकेज अपडेट होऊ न देणं) लावला होता. दोन महिन्यांनी काढला, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्याकडं गावोगावच्या लोकांच्या पेनड्राइव्हवरच्या फायली येतात, त्या एफएफएमपेगच उघडतं. होल्ड असला की सुरक्षा-अपडेट अडतात. आता डेबियनची नवी आवृत्ती आली की ती माझ्या बांधणीवर बसते, एचई-एएसी जातं. तेच बदल नव्या सोर्समध्ये घालून मी पुन्हा बांधतो. आठ महिन्यांत दोनदा केलं, दोन्ही वेळा दुपार गेली.

डेबियन १३ वर लिबएव्हीकोडेक६१ आहे, तिथं नवी बांधणी लागेल. सप्ताहांचा हंगाम उरकला की आधी डेबियनची मूळ पॅकेजं परत घालणार, मगच अपग्रेड.