छोट्या एअरपोर्टवरची ऑटोमॅटिक वेदर सर्विस : पायलटने लिहिलेला रिव्ह्यू

मोठ्या एअरपोर्टवर हवामान बघायला माणूस बसलेला असतो, पण छोट्या रीजनल एअरपोर्टवर बऱ्याच ठिकाणी आता सगळा कारभार मशीनवरच चालतो. रनवेच्या कडेला वारा मोजायचा खांब, शेजारी ढगांची उंची मोजणारं लेझर, व्हिजिबिलिटीचा सेन्सर, आणि या सगळ्याचा मिळून दर तासाला किंवा अर्ध्या तासाला मेटार (ठरावीक साच्यातला हवामानाचा रिपोर्ट) निघतो, काही ठिकाणी रेडिओवर मशीनचा आवाज तेच सतत वाचत असतो. मी सिंगल इंजिनवाली छोटी विमानं उडवतो, निघायचं की थांबायचं हे बऱ्याचदा याच सर्विसवर ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मत आधीच सांगून टाकतो, सर्विस चांगली आहे, पहाटे तीन वाजताही चालू असते, पण शेवटचा एकच रिपोर्ट वाचून निघू नका, मागचे तीन-चार काढा आणि एकाखाली एक ठेवून वाचा.

प्रेशरच्या बाबतीत पूर्ण मार्क. एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे अल्टिमीटरवर (विमानाची उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) २७-३० फूट, त्यामुळे इथे आकडा चोख लागतो आणि तो मिळतो. वाऱ्याचंही तसंच, पण तो वाचायचा कसा हे माहीत पाहिजे. छापील मेटारमधली दिशा ट्रू नॉर्थवरून (खऱ्या भौगोलिक उत्तरेवरून) असते आणि रनवेचा नंबर मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेवरून), टॉवरवाले सांगतात तो वाराही मॅग्नेटिकच, तर जिथे व्हेरिएशन (या दोन उत्तर दिशांमधला कोन) जास्त आहे तिथे हा फरक धरल्याशिवाय क्रॉसविंड (रनवेला आडवा लागणारा वारा) काढू नका. दुसरं म्हणजे आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमाने मेटारमधला वारा १० मिनिटांची सरासरी असतो आणि गस्ट (वाऱ्याचा झटका) तेव्हाच लिहितात जेव्हा ती सरासरीपेक्षा १० नॉट (वाऱ्याच्या वेगाचं माप) किंवा जास्त असेल. म्हणजे सरासरी १४ आणि मधेच २२ चे झटके, तरी रिपोर्टमध्ये नुसतं १४ दिसू शकतं. सेस्ना १७२ या छोट्या विमानाचं डेमॉन्स्ट्रेटेड क्रॉसविंड (चाचणीत पेलून दाखवलेला आडवा वारा) १५ नॉट आहे, रनवेला ३० अंशातून वारा असेल तर त्याचा अर्धा क्रॉसविंड धरायचा, पण वारा काटकोनात आला की ते न लिहिलेले २२ सगळेच्या सगळे अंगावर येतात.

ढगांच्या बाबतीत मात्र हातचं राखून विश्वास ठेवा. लेझर सरळ वर बघतं, बस. बऱ्याच सिस्टीम गेल्या साधारण अर्ध्या तासात डोक्यावरून काय गेलं त्याचा हिशोब लावून फ्यू, स्कॅटर्ड, ब्रोकन, म्हणजे ढग किती ते, ठरवतात (आकाशाचे आठ भाग धरून ५ ते ७ भाग, म्हणजे ऑक्टा, झाकलेले असले की ब्रोकन, आणि तिथून सीलिंग, म्हणजे ढगांचं छत, धरतात). आता पश्चिमेच्या डोंगराला टेकून काळाकुट्ट ढग उभा आहे आणि तो अजून एअरपोर्टवर आलेलाच नाही, तर मशीन बिनधास्त सांगणार आकाश मोकळं. माणूस मान वळवून बघतो, मशीनला मान नाही. व्हिजिबिलिटीचा सेन्सरही दोन डोक्यांच्या मधल्या जेमतेम एवढ्याशा हवेवरून किलोमीटरचा आकडा काढतो, त्यामुळे रनवेच्या दुसऱ्या टोकाला धुकं बसलं असेल तर ते रिपोर्टमध्ये येईलच असं नाही.

आता मागचे रिपोर्ट का वाचायचे ते. समजा संध्याकाळी टेम्परेचर १९, ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) १५, वारा ६ नॉट. पुढच्या रिपोर्टला १७ आणि १५, वारा ३. त्याच्या पुढच्याला १६ आणि १५, वारा शांत, व्हिजिबिलिटी १० वरून ७ किलोमीटर. शेवटचा रिपोर्ट एकटा उचलला तर व्हीएफआरला (बाहेर डोळ्यांनी बघत उडण्याला) काहीच अडचण नाही, ७ किलोमीटर म्हणजे छानच की. पण तिन्ही एकत्र बघितले की कळतं टेम्परेचर खाली चाललंय, ड्यू पॉइंट जागेवर आहे, वारा पडलाय, आकाश मोकळं असेल तर अजून तासाभरात १,००० मीटरच्या खाली जाऊन धुकं होऊ शकतं. कुठलाच एक रिपोर्ट हे सांगत नाही, आणि मला विचाराल तर या सर्विसची खरी किंमत इथेच आहे, जुने रिपोर्ट सहज मिळतात पण लोक उघडतच नाहीत.

टॅफचं (एअरपोर्टसाठी काढलेल्या हवामान अंदाजाचं) काय, तर बऱ्याच छोट्या एअरपोर्टना टॅफ नसतोच. मग शेजारच्या मोठ्या एअरपोर्टचा उसना घेतात. टॅफ हा त्या एअरपोर्टच्या आजूबाजूच्या साधारण ८ किलोमीटरपुरताच असतो, मधे डोंगररांग असेल तर पलीकडच्या टॅफवरून अलीकडचं ठरवू नका. ॲपमधल्या रंगीत नकाशांचीही हीच गत, ग्लोबल मॉडेलची (अख्ख्या जगाचं हवामान कॉम्प्युटरवर काढणाऱ्या गणिताची) एक चौकट ९ ते २५ किलोमीटरची, त्यात तुमची अख्खी दरी गायब होते. काही ॲप मॉडेलचा आकडा आणि खरा मोजलेला आकडा शेजारी-शेजारी सारख्याच अक्षरात दाखवतात, हे मला अजिबात पटत नाही, वेगळं दिसलंच पाहिजे.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडते, बऱ्याच स्टेशनवर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची) आयतं मिळतं. २,००० फुटांवरचा एअरपोर्ट, ३५ डिग्री, तिथलं स्टँडर्ड तापमान ११, म्हणजे २४ डिग्री जास्त, डिग्रीला १२० फूट धरले तर विमानाला वाटतं आपण ४,९०० फुटांच्या आसपास आहोत. दुपारी चार जणं बसवून टँक फुल करणाऱ्याने हा आकडा ऐकूनच टेकऑफ डिस्टन्स काढावं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार कॅमेऱ्यासाठी कापला. अलास्कात एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने) विमानतळांवर आणि डोंगरातल्या खिंडींवर कॅमेरे लावलेत, साधारण दर १० मिनिटांनी नवा फोटो येतो, शेजारी निरभ्र दिवसाचा फोटो असतो तुलना करायला, म्हणजे कुठला डोंगर दिसेनासा झालाय ते लगेच कळतं. प्रत्येक ऑटोमॅटिक स्टेशनवर चारही दिशांना असे कॅमेरे लावा, मग मी पाचवा स्टार देतो. तोपर्यंत निघायच्या आधी तिथल्या फ्लाइंग क्लबला किंवा हँगरमध्ये एक फोन करा आणि पश्चिमेला काय दिसतंय एवढं विचारा.