नऊ आक्षेप, एक आधार आणि उत्तर ०.५ : डीएफ-क्वाड आठ महिने वापरल्यावर

हल्ला, आधार, मूळ वजन हे शब्द ज्यांच्या रोजच्या वापरातले आहेत त्यांच्यासाठी लिहितेय; इतरांसाठी एवढंच : डीएफ-क्वाड ही वादाचा निकाल ० ते १ मधल्या आकड्यात काढणारी पद्धत. मुद्द्याला सुरुवातीला दिलेला आकडा म्हणजे मूळ वजन, त्याच्या विरोधातला मुद्दा म्हणजे हल्ला, बाजूचा म्हणजे आधार.

आमच्या गटातले तांत्रिक वाद मी या पद्धतीने मांडते. गेल्या महिन्यात एका प्रस्तावाचा आकडा आला ०.५. मूळ वजनही ०.५ च होतं. विरोधात नऊ आक्षेप, बाजूने एकच मुद्दा, आणि गणिताच्या मते काही घडलेलंच नाही! दोन संध्याकाळी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधली. चूक नव्हती. डीएफ-क्वाडचा स्वभावच असा आहे. प्रत्येक आक्षेपाची ताकद १ मधून वजा करायची, आलेल्या संख्यांचा गुणाकार करायचा, तो पुन्हा १ मधून वजा करायचा. आधारांचंही तसंच, आणि दोहोंतल्या फरकाच्या प्रमाणात मूळ वजन हलतं. एकाची ताकद १ असली की गुणाकार शून्य. उरलेले आठ असले काय नि नसले काय. समोर १ चा एक आधार असला की फिट्टंफाट, प्रस्ताव मूळ वजनावर परत.

मग सगळ्या मुद्द्यांना १ ऐवजी ०.९ दिलं. उत्तर ०.४५. नवांनी मिळून एवढंच हलवलं? माणसांनी वेळ काढून लिहिलेले आक्षेप असे वाया जाणं मला सहन होत नाही.

तरी जुन्या पद्धतींकडे परतायचं नव्हतं. डंग यांच्या १९९५ च्या चौकटीत मुद्दा आत (मान्य), बाहेर (अमान्य) नाहीतर अधांतरी; प्रत्यक्षातल्या वादात एवढ्यावर भागत नाही. बेसनार आणि हंटर यांचं २००१ चं सूत्र मला मनापासून आवडतं. ज्यावर कुणी हल्ला केलेला नाही असा एक हल्लेखोर मुद्दा आला तर १ पैकी ०.५ उरतात, दोन आले तर ०.३३, स्वतःवरच हल्ला करणाऱ्याला ०.६१८, म्हणजे सुवर्ण गुणोत्तरातला आकडा. पण त्यात आधाराला जागाच नाही.

म्हणून पोटिका यांची २०१८ ची क्वाड्रॅटिक एनर्जी ही पद्धत बसवली. तिथे आधारांची बेरीज वजा हल्ल्यांची बेरीज, त्यामुळे प्रत्येक आक्षेप मोजला जातो. तोच प्रस्ताव, सगळ्या मुद्द्यांना १ : आकडा ०.००८ च्या खाली. त्या दिवशी डीएफ-क्वाड कायमचं काढून टाकायचं ठरवलं होतं.

तीन आठवड्यांनी मत बदललं. एका साध्या प्रस्तावावर ०.३ ताकदीचा एकच आक्षेप होता, अगदी रास्त. डीएफ-क्वाडने ०.५ चं ०.३५ केलं. क्वाड्रॅटिकने ०.४६. यात बेरजेचा वर्ग होतो, आणि छोट्या संख्येचा वर्ग आणखी छोटा. म्हणजे इथे झुंडीला न्याय आहे, एकट्याला नाही. तेव्हा कुठे लक्षात आलं की माझी निम्मी तक्रार वजनांबद्दल होती. नऊ विरुद्ध एकच्या त्या वादात सगळ्यांना ०.३ दिल्यावर डीएफ-क्वाडही ०.१७ वर उतरलं. निम्मी तक्रार मात्र कायम आहे, कारण खरोखर भक्कम मुद्द्याला ०.३ देणं हा खोटेपणाच.

वादाच्या आलेखात वर्तुळं असली, म्हणजे मुद्दे फिरून एकमेकांवरच येत असले, तर अशी गणितं स्थिरावतीलच याची खात्री नसते. माझे आलेख झाडासारखे, त्यामुळे तो त्रास झाला नाही.

सध्या दोन्ही शेजारी चालवते. दोघांत ०.१ पेक्षा जास्त फरक पडला, की तो वाद आकड्यावर न सोडता सगळ्यांनी बसून पुन्हा वाचायचा. गेल्या आठवड्यात असे चार निघाले, आणि त्यांतल्या तिनांत वजनच चुकीचं दिलेलं होतं.