बंदूक दुरुस्ती: सगळ्याला ‘होतं’ म्हणणारा आणि निम्म्याला ‘नाही’ म्हणणारा

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागर (पोफळी-केळीची बाग) असलेल्या बऱ्याच घरांत राखणीची एक बंदूक असते. हवेत बार काढायचा, रानडुकरं पळतात, माकडं चार दिवस तोंड दाखवत नाहीत आणि पाचव्या दिवशी केळीवर हजर. आमची बंदूक आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत घेतलेली, बेल्जियमची दुनळी बाराबोअर. नळ्यांच्या खाली तिथल्या लिएज शहराचा अंड्याच्या आकाराचा शिक्का आहे. बाबांनंतर लायसन्स माझ्या नावावर झालं. बाबा चांगले उंच, मी जेमतेम पाच फूट. दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, खांद्याला टेकवला की बोट चापापर्यंत ताणावं लागे. त्यात दस्त्याच्या मानेला, जिथे मूठ आवळतो तिथे, जुनी चीर. म्हणजे कामं दोनच: दस्ता आखूड करणे आणि चीर भरणे.

ही दोन कामं दोन कारागिरांकडून करून घ्यावी लागली. नावं देत नाही. पहिल्याशी भांडण वाढवायचं नाही, आणि दुसऱ्याकडे आधीच रांग आहे.

पहिल्याच्या हाताला कसब नाही असं मी म्हणणार नाही. पॉलिश असं करतो की दस्त्यात तोंड पाहावं. भिंतीवर दुरुस्तीचं लायसन्स होतं, ते मी आधी वाचून घेतलं. शस्त्र कायदा 1959 चा. त्यातल्या कलम 5 प्रमाणे विनापरवाना बंदूक दुरुस्त करायलाही बंदी आहे, त्यामुळे गावातल्या हुशार लोहाराकडे हे काम देता येत नाही. चोर्ला घाट चढून बेळगावला न्यावी म्हटलं तर माझ्या लायसन्सवर क्षेत्र फक्त गोवा राज्य. त्यामुळे निवड तशी थोडीच होती.

दस्ता सव्वातेरा इंच हवा म्हटलं. “होतं.” चीर भरायची आहे. “होतं, बाय.” मग न विचारता त्याचीच यादी सुरू झाली. नळ्या गरम ब्ल्यूइंग करून, म्हणजे रसायनात उकळून, नव्यासारख्या काळ्या करू. आणि नळ्या दोन इंच कापूया, तुम्हाला हलकी पडेल. मी म्हटलं, वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करायला कलम 6 मध्ये मनाई आहे आणि चोक, छर्रे एकत्र ठेवणारा नळीचा आवळलेला भाग, तोंडाशीच असतो, तो कापून टाकल्यावर छर्रे कुठे जातील? तो हसला. “बघतो कोण?” नळ्यांना हात लावायचा नाही असं बजावून मी फक्त दस्त्याचं काम दिलं.

पावती मागितली तर म्हणे, पावती कशाला, मी इथेच बसलोय. शेवटी कॅलेंडरच्या पानामागे बंदुकीचा नंबर, लायसन्सचा नंबर, तारीख आणि सही घेतली. या पानाचा उपयोग लवकरच झाला. संक्रांतीला देतो म्हणाला, मग शिगम्याआधी म्हणाला, आणि 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली. बंदुका जमा करा म्हणून पोलीस स्टेशनवरून निरोप. माझी तर कारागिराच्या टेबलावर, भाग सुटे केलेली. ते पान दाखवलं तेव्हा हवालदाराचा सूर बदलला, नाहीतर बंदूक कुणाकडे आणि कशी याचं उत्तर देत बसावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी आहे त्या अवस्थेत जमा केली. रजिस्टरात नोंद झाली: दस्ता रबराच्या पट्ट्यांनी बांधलेला. 7 मे ला मतदान, 4 जूनला निकाल. काजूचा अख्खा हंगाम आम्ही डबे वाजवून काढला.

निकालानंतर बंदूक परत पहिल्याकडे गेली आणि जूनअखेर हातात आली. दिसायला देखणी. खांद्याला लावली तर पहिल्यासारखीच लांब! टेप लावली. मूळ दस्ता साडेचौदा इंच होता. त्याने लाकूड बरोबर सव्वातेरावर कापलं होतं आणि त्यावर एक इंचाचं रबरी पॅड बसवलं होतं. सव्वाचौदा. म्हणजे एवढा उपद्व्याप पाव इंचासाठी. “तुम्ही सव्वातेरा सांगितलं, मी सव्वातेरा कापलं.” रोज हेच काम करणाऱ्याने पॅड धरून की पॅडशिवाय एवढं विचारू नये? शिंपीसुद्धा बाहीची पट्टी धरून माप की सोडून ते विचारतो.

वर एक न मागितलेला उपकार: “बाईमाणूस आहात म्हणून चाप हलका करून दिलाय.” त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

या उपकाराचं खरं रूप दुसऱ्याने दाखवलं. नेमबाजी करणाऱ्या एका मुलाने त्याचं नाव सुचवलं होतं. म्हातारा, जरा तिरसट. बंदूक घेतल्या घेतल्या पुढचं लाकूड काढलं, नळ्या धरून हलवल्या, बिजागरीत खेळ नाही हे पाहिलं. चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, मोजले: 65 मिलिमीटर. म्हणाला, डब्यावर 70 लिहिलेली काडतुसं यात घालायची नाहीत. बसतात, पण फुटताना तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. घरी मी पहिल्यांदा कपाटातला डबा बघितला. सुदैवाने 65 च निघाला.

मग त्याने दोन्ही चेंबरमध्ये नकली काडतुसं, स्नॅप कॅप म्हणतात ती, घातली. बंदूक मिटली, नळ्या भिंतीकडे केल्या आणि दस्त्याच्या टोकाला रबरी हातोडीने एक ठोका दिला. चापाला कुणाचंही बोट नव्हतं. डावा घोडा (काडतूस फोडणारा खटका) खट्ट करून पडला. मी काही बोलले नाही, त्यानेही लगेच काही म्हटलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा पडला. मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा चापाला अडकवून ओढला तर मागचा, म्हणजे डाव्या नळीचा चाप पाऊण किलोलाच सुटत होता. घोडा अडकवून ठेवणारी खाच कानशीने घासून घासून जवळजवळ गोल केलेली. कुळागराच्या बांधावर पाय घसरून बंदूक आपटली असती तर बार उडाला असता. “बाये, ही आज घरी नेऊ नकोस,” एवढंच म्हणाला. पहिल्याचं नाव विचारलं नाही, बहुधा काम बघून त्याला कळलं असावं.

त्याचं काम घेण्याची पद्धत सांगते, कारण हा माणूस मला त्यामुळेच पटला. आधी प्रश्न. पावसात रेनकोटवरून धरणार की नुसत्या ब्लाउजवर? कारण तेवढ्याने माप बदलतं. मापं तीन घेतली: पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंत, वरच्या कोपऱ्यापर्यंत, खालच्या कोपऱ्यापर्यंत. एकच माप घेऊन कापलं तर टोकाचा कोन बिघडतो आणि बंदूक वर किंवा खाली बघू लागते. हे सगळं वहीत, त्याखाली ‘पॅडसह’ असा शब्द, त्याखाली माझी सही आणि त्याची. दुसऱ्या रकान्यात काय करायचं नाही तेही लिहिलं. हा रकाना मी आजवर कुठल्याच मिस्त्रीकडे पाहिला नव्हता, घर बांधतानाही नाही.

गरम ब्ल्यूइंगबद्दल मीच विचारलं, कारण नळ्यांवर गंजाचे ठिपके आहेत. साफ नाही म्हणाला. कॉस्टिकचं ते द्रावण सुमारे 140 अंशांवर उकळतं. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथील-शिशाच्या मऊ झाळीने जोडलेल्या असतात. झाळ त्या तापमानाला वितळत नाही, पण कॉस्टिक तिला खातं. आज काळीभोर दिसेल, पुढे पट्टी सुटेल. पहिल्याने हेच करायची तयारी दाखवली होती. म्हाताऱ्याची पद्धत जुनी: आम्लाचं पातळ पाणी पुसून नळी मुद्दाम गंजवायची, साध्या पाण्यात उकळायची, तांबडा गंज काळा झाला की तारेच्या मऊ लोकरीने घासायचा, आणि मनासारखा रंग येईपर्यंत पुन्हा तेच. बाहेरच्या लोकांना यासाठी दमट पेटी लागते, म्हणाला, आपल्याला जून-जुलैची हवा फुकट आहे.

चीर परत उघडली होती, कारण पन्नास-साठ वर्षांचं तेल लाकडात मुरलेलं आणि पहिल्याने त्यावरच गोंद भरला होता. तेलकट लाकूड काही धरत नाही. याने खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप दिले, तेल ओढून काढलं, मग इपॉक्सी आणि आतून पितळेची सळी. पॅड अर्ध्या इंचाचं लावलं, लाकूड आणखी अर्धा इंच उतरवलं. घोडा अडकवणारा तो घासलेला तुकडा नवा घडवून पाणी दिलं. आता पुढचा चाप दीड किलोच्या थोडा वर आणि मागचा दोनच्या जवळ सुटतो. नेण्याआधी हातोडीचा ठोका माझ्याकडूनच मारून घेतला.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाही. दुपारी एक ते चार दार बंद, मग तुम्ही वाळपईहून आलात की दिल्लीहून. गणेश चवथीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत नवीन काम घेत नाही. पॉलिश पहिल्याच्या तुलनेत अगदीच साधं, जवसाच्या तेलाचं. एकूण 9,500 रुपये झाले, पहिल्याच्या दुपटीपेक्षा जास्त. दिलेली तारीख यानेही चुकवली, पण आधी निरोप पाठवून: लाकूड अजून तेल सोडतंय, थांब.

नळ्यांचं काम राहिलं आहे. तारीख मागितली तर दिली नाही. जूनमध्ये पाऊस धरला की आण, म्हणाला, आणि ठिपके नुसते दिसायला नकोत म्हणून पैसे घालणार असशील तर आणूच नको, महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरव.