डेली, पंधरवड्याची की मंथली? डिस्पोजेबल लेन्स निवडताना

डिस्पोजेबल, म्हणजे ठरावीक मुदतीनंतर फेकायच्या, कॉन्टॅक्ट लेन्स मुख्यतः तीन मुदतींत मिळतात: एका दिवसाच्या, पंधरा दिवसांच्या आणि महिन्याच्या. डोळ्यात बसल्यावर तिन्हींतून दिसतं सारखंच. फरक कळतो रात्री. डेली काढली की कचऱ्यात गेली. बाकीच्या दोन काढल्या की चोळायच्या, धुवायच्या, भिजत घालायच्या. दमून आलात तरी, प्रवासात असलात तरी, झोप अनावर झाली असली तरी. हे काम तुमच्या हातून वर्षभर न चुकता होईल का, याचं प्रामाणिक उत्तर आधी द्या. किमतीचा हिशोब त्यानंतरचा.

मुदत कशी मोजायची

मंथली म्हणजे तीस वेळा घालायची लेन्स नव्हे. पाकीट फोडल्यापासून तीस दिवस, मग त्यातले आठच दिवस घातली असली तरी. डबीत पडून राहिलेल्या लेन्सवरचे प्रथिनांचे आणि स्निग्ध थर कुठे जात नाहीत, आणि डबीच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर साचत राहतो. म्हणून कधीमधी लेन्स घालणाऱ्यांना मंथली दिसते तितकी स्वस्त पडत नाही.

डेलीबाबत उलटी चूक होते. दुपारी डोळ्यात कण गेला, लेन्स काढली आणि पाकिटातल्याच पाण्यात बुडवून परत घातली. ते पाणी म्हणजे साधं खारं द्रावण. जंतू मारण्याची ताकद त्यात नसते. डेली एकदा काढली की संपली, मग ती दहा मिनिटांपूर्वी घातलेली का असेना. बॅगेत एक जादा जोडी आणि चष्मा ठेवला की हा मोह होत नाही.

पंधरवड्याची लेन्स आम्हाला तिन्हींत सर्वांत अडचणीची वाटते. लेन्सचा दोष नाही, पण तिची तारीख डोक्यात राहत नाही. मंथली एक तारखेला बदलायची हे पाठ होतं; पंधरवड्याची मात्र ‘अजून चांगली आहे की’ म्हणत तीन-चार आठवडे ओढली जाते. घ्यायचीच असेल तर फोनमध्ये दोन्ही तारखांचा गजर लावा.

डेली घेतली म्हणजे संसर्ग टळला का?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या लेन्स वापरणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण त्यात वर्षाला दर १०,००० जणांमागे असं निघालं: दिवसा घालून रात्री काढायच्या साध्या मऊ लेन्स १.९, डेली डिस्पोजेबल २.०. जवळपास बरोबरी. पण मऊ लेन्स घालून झोपणाऱ्यांत हा आकडा १९.५ झाला, आणि जास्त ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स घालून झोपणाऱ्यांत २५.४. म्हणजे प्रकार बदलून जे साधत नाही, ते झोपण्याआधी लेन्स काढून साधतं. दुपारची अर्ध्या तासाची डुलकीही झोपेतच मोजायची.

तरीही डेलीचा एक खरा फायदा संशोधनात दिसला आहे: संसर्ग झालाच तर नजर गमावण्याची वेळ डेली वापरणाऱ्यांवर कमी येते. डबी नसल्यामुळे डबीत पोसलेले जंतू डोळ्यात जात नाहीत, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

पाण्याचा धोका तिन्हींना आहेच. नळाच्या, विहिरीच्या, तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून कॉर्नियात शिरला तर उपचार काही महिने चालतात आणि वेदना असह्य असतात. त्यामुळे लेन्स घालून अंघोळ नको, पोहणं नको, आणि लेन्स किंवा डबी पाण्याने कधीच धुवायची नाही. चष्म्याशिवाय पोहणं अशक्यच असेल तर डेली लेन्स, वर घट्ट बसणारा गॉगल, आणि बाहेर आल्याआल्या लेन्स फेकून देणं, एवढाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. इथे मंथली अजिबात बसत नाही.

घालणं आणि काढणं

साबण साधा घ्या. क्रीम किंवा तेल असलेला साबण लेन्सवर ओशट थर सोडतो. धुतलेले हात धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण कोरडे करा. बोट ओलं असलं की लेन्स बोटालाच धरून राहते, डोळ्यावर उतरत नाही, आणि नळाचं पाणी लेन्सवर जातं ते वेगळंच. नेहमी एकाच डोळ्यापासून सुरुवात करा, म्हणजे अदलाबदल होत नाही. बेसिनचं भोक आधी बंद करा. मेकअप लेन्स घातल्यानंतर करायचा आणि लेन्स काढल्यानंतर पुसायचा.

लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून बाजूने बघा. सुलट असेल तर कड वाटीसारखी सरळ वर जाते, उलटी असेल तर बशीसारखी बाहेर फाकते. डेली लेन्स बऱ्याचदा जास्त पातळ असते, त्यामुळे हे ओळखायला नव्या माणसाला वेळ लागतो. हाताळायला मंथली थोडी सोपी पडते. उलटी घातली तर इजा होत नाही, पण टोचते, सरकते आणि पापणी लवली की धूसर दिसतं. कडेला बारीकशी चीर दिसली तर ती लेन्स घालू नका, पाकीट आत्ताच फोडलेलं असलं तरी.

काढताना वर बघा, तर्जनीने लेन्स खाली पांढऱ्या भागावर ओढा आणि तिथे चिमटीत धरा. थेट बुबुळावर चिमटी घेतली तर नख कॉर्नियाला लागतं. लेन्स जागची हलत नसेल तर ती सुकलेली आहे. लेन्सवर चालणारे ओलाव्याचे दोन-तीन थेंब घाला, काही मिनिटं पापण्यांची उघडझाप करा, ती सैल सरकायला लागली की मगच काढा. जबरदस्ती केली तर कॉर्नियाचा वरचा नाजूक थर खरवडला जातो. पापणीखाली गेलेली लेन्स डोळ्यामागे जाईल ही भीती मात्र सोडा. पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण दुमडून पापणीच्या आतल्या बाजूला जोडलेलं असतं. मागे जायला वाटच नसते.

रात्रीचं काम, जे डेलीवाल्यांना नाही

लेन्स तळहातावर ठेवा, सोल्यूशनचे, म्हणजे लेन्स स्वच्छ करायच्या द्रावणाचे, तीन-चार थेंब टाका, दोन्ही बाजू बोटाने हलक्या हाताने चोळा, मग सोल्यूशनच्याच धारेखाली धुवा. ‘न चोळता चालेल’ असं बाटलीवर असलं तरी चोळाच. चिकटलेला थर नुसता भिजून सुटत नाही. त्यानंतर ताज्या सोल्यूशनमध्ये लेबलवर असेल तितका वेळ, बहुतेक बाटल्यांवर ४ ते ६ तास. कालच्या सोल्यूशनमध्ये आजची भर घालणं ही सर्वांत नेहमीची आणि सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे: जुन्या द्रावाची जंतुनाशक ताकद संपलेली असते आणि नवंही त्यात पातळ होतं. सकाळी डबी रिकामी करा, सोल्यूशनने खंगाळा, स्वच्छ कागदाने पुसा, झाकणं उघडी ठेवून पालथी घाला. दर तीन महिन्यांनी डबी बदला. लवकर बदलली तर उत्तमच.

सोल्यूशनवर आंधळी भिस्त नको. २००६ साली फ्युझेरियम बुरशीच्या संसर्गामुळे एक सोल्यूशन जगभरातून परत मागवावं लागलं, आणि पुढच्याच वर्षी अकँथअमीबामुळे दुसरं.

सोल्यूशनमध्येही निवड आहे. सगळ्या कामांना चालणारं मल्टिपर्पज सोयीचं, पण त्यातल्या संरक्षक द्रव्यांनी काहींचे डोळे चुरचुरतात. अशांना ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत मानवते. त्याची डबी वेगळी, उभी असते. डबीतली प्लॅटिनमची चकती किंवा सोबतची गोळी पेरॉक्साइड निष्प्रभ करते, आणि त्याला साधारण सहा तास लागतात. तेवढा वेळ न थांबता लेन्स घातली, किंवा हे द्रावण साध्या चपट्या डबीत ओतलं, तर डोळा अक्षरशः भाजतो. पेरॉक्साइड वापरणार असाल तर तशीच दिसणारी दुसरी बाटली शेजारी ठेवू नका. नुसतं सलाइन जंतू मारत नाही, ते फक्त धुण्यापुरतं.

खर्च, कचरा, नंबर

मंथलीची एक जोडी, महिन्याचं सोल्यूशन आणि डबीचा वाटा अशी बेरीज करा आणि महिन्यात जितके दिवस खरोखर घालता त्याने भागा. हा आकडा डेलीच्या एका जोडीच्या किमतीशी ताडून बघा. रोज घालणाऱ्यांना मंथली बहुधा स्वस्त पडते. आठवड्यातून दोन-तीनदा घालणाऱ्यांचं गणित डेलीकडे झुकतं. कचऱ्यात डेलीची बाजू लंगडी आहे. रोज वापरली तर वर्षाला ७३० लेन्स, तितकीच प्लास्टिकची खोकी; मंथलीच्या २४ लेन्स, पण सोबत बाटल्या. कुठलीही लेन्स बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका, तिचे तुकडे होऊन पाण्यात प्लास्टिकच जातं.

डोळे कोरडे असतील किंवा ॲलर्जीने खाजत असतील तर डेली बरी, कारण थर साचायच्या आत लेन्स बदलते. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर मंथलीत पर्याय जास्त मिळतात, आणि काही नंबरांना डेली मिळतच नाही.

चष्म्याचा नंबर बघून लेन्स मागवू नका. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर लांब असतो, लेन्स डोळ्यावरच. साधारण ४ नंबरच्या पुढे हा फरक जाणवतो: चष्मा उणे ६.०० असेल तर लेन्स उणे ५.५०च्या आसपास लागते. शिवाय लेन्सची वक्रता आणि व्यासही जुळावे लागतात. डेलीवरून मंथलीवर जातानासुद्धा नेत्रतज्ज्ञांकडून किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडून नव्याने मोजून घ्या.

कधी थांबायचं

लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, घाण येणं: यातलं काहीही झालं तर दोन्ही लेन्स काढा आणि चष्मा लावा. लेन्स काढूनही त्रास कमी होत नसेल, किंवा दुखणं, धूसरपणा, उजेडाचा त्रास यातलं काही असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. घरात पडलेले स्टिरॉइडचे थेंब घालू नका. लाली उतरते आणि आत संसर्ग वाढत राहतो. डोळ्यावर पट्टीही बांधू नका. काढलेली लेन्स फेकू नका. मंथली वापरत असाल तर डबी आणि सोल्यूशनची बाटलीही सोबत न्या, जंतू कोणता हे शोधायला प्रयोगशाळेला त्यांचा उपयोग होतो.