टेस्टूडो: नव्वदहून जास्त वर्षं वापरात असलेलं ब्राँझचं कासव (मेरीलँड विद्यापीठ, कॉलेज पार्क)

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात मॅकेल्डिन लायब्ररीच्या दारासमोर हे कासव बसलंय. मी कोल्हापुरात पुतळ्यांचं मेणकाम (धातू ओतण्याआधीचा मेणाचा नमुना) आणि ओतल्यानंतरची घासाई करते, त्यामुळे पुतळा दिसला की माझी नजर आधी सांधे शोधते. भाची तिथे शिकते, तिच्यासोबत गेले तेव्हाही तेच झालं. म्हणून हा रिव्ह्यू मालाचाच आहे. माल 1933 साली ओतलेला, तेव्हापासून ऊन-बर्फात उघड्यावर असलेला आणि रोज हाताळला जाणारा.

काम अव्वल आहे. हे डायमंडबॅक टेरापिन जातीचं कासव, चेसापीक उपसागराच्या मचूळ पाण्यातलं. त्याच्या पाठीच्या प्रत्येक खवल्यावर एकात एक बसलेल्या रेषा असतात. मेणात अशा रेषा कोरणं फार अवघड नाही, पण ओतल्यावर त्या टिकवणं अवघड. घासणाऱ्याचा हात जरा जड पडला की कडा मरतात. कवचाच्या खालच्या बाजूला, जिथे हात फारसे पोचत नाहीत, तिथे वाकून बघा. रेषा अजून बोटाला लागतात. मान पुढे काढलेली आहे, तिच्यात ताण आहे. नुसतं चित्र बघून असा ताण येत नाही.

आणि खरंच, चित्र बघून केलेलंच नाही. विद्यापीठाच्या संघांचा शुभंकर (मॅस्कॉट) म्हणून टेरापिन घ्यावं असं 1932 मध्ये सुचवलं हॅरी ‘कर्ली’ बर्ड यांनी. ते तेव्हा अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक होते, पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांचं बालपण उपसागराकाठच्या क्रिसफील्ड गावातलं, तेव्हा हे कासव त्यांच्या ओळखीचंच. 1933 मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीने जाताना विद्यापीठाला पुतळा भेट द्यायचं ठरवलं. शिल्पकार अरिस्टाइड चिआन्फरानी राहायचे ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्समध्ये, आणि चांदीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गोरहॅम कंपनीचं ओतकामही त्याच गावात. मग क्रिसफील्डचं एक जिवंत कासवच नमुना म्हणून तिकडे पाठवलं. अनावरणाच्या दिवशी त्याच कासवाने फीत ओढली. पुढे ते लवकरच मेलं. ते पेंढा भरून जतन केलेलं आहे आणि विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मंदीच्या सगळ्यात वाईट वर्षात, पदरात नोकरी नसताना, पोरांनी निरोपाची भेट म्हणून ब्राँझ निवडलं याचं मला फार कौतुक वाटतं. स्वस्तात भागवायला सिमेंट होतंच की.

पुतळा सुरुवातीला रिची कोलिझियमसमोर होता. वजन साधारण 300 पौंड, म्हणजे 136 किलोच्या आसपास. पोकळ ओतकामाला हे वजन योग्यच आहे, पण चारसहा धडधाकट पोरांना ते उचलता येतं, आणि तसंच झालं. 1947 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या विद्यार्थ्यांनी कासव पळवलं. मेरीलँडची पोरं घोळक्याने तिकडे धडकली, पोलिसांना यावं लागलं. कासव परत आलं. 1949 मध्ये ते पुन्हा गायब झालं आणि सापडलं थेट व्हर्जिनिया विद्यापीठात. शेवटी पोटात सुमारे 700 पौंड सिमेंट भरून पोलादी सळ्यांनी त्याला बैठकीला जखडलं. 1951 मध्ये ते स्टेडियमजवळ गेलं आणि 1960 च्या दशकात लायब्ररीसमोर आलं.

त्या सिमेंटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: चोरीवर उपाय म्हणून चोख, ब्राँझसाठी धोक्याचा. पोकळ पुतळ्यात शिरलेलं पाणी बाहेर जायला वाट लागते. आम्ही तळाला भोक ठेवतो आणि आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचा घेतो. सिमेंट ओल धरून ठेवतं, साधी सळई गंजून फुगते आणि ब्राँझला आतून ताण देते. अशा पुतळ्याची वेळच्या वेळी निगा राखावीच लागते. मला बाहेरून कुठे तडा दिसला नाही, याचा आनंद झाला.

आता नाक. बाकी अंग गडद तपकिरी-हिरवट, आणि नाक लख्ख सोनेरी. परीक्षेला जाता-येता विद्यार्थी नाक चोळतात. आपल्याकडे महादेवाच्या देवळात गाभाऱ्यापुढच्या कासवाला हात लावून लोक आत जातात, तसंच. ‘मावशी, तूही लाव ना,’ भाची म्हणाली. लावला. नाकावरची पॅटिना, म्हणजे ब्राँझवरचा गडद रंगाचा थर, पार गेली आहे, तरी नाकपुडीचा आकार अजून हाताला कळतो. म्हणजे ओतताना तिथे धातू पुरेसा ठेवलेला आहे. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला नानासाहेब करमरकरांचा 1928 चा अश्वारूढ पुतळा माझ्या लेखी फार वरच्या दर्जाचा आहे, पण तो घोडा खालून मान वर करून बघायचा. इथे शिल्प हाताशी आहे, आणि शिकणाऱ्या मुलांच्या आवारात ते असंच असावं असं मला मनापासून वाटतं.

सत्राच्या शेवटी, डिसेंबरात आणि मे महिन्यात, कासवासमोर नैवेद्याचा ढीग लागतो: नाणी, नूडल्सची पाकिटं, शीतपेयं, चिठ्ठ्या, मेणबत्त्या. 2013 च्या डिसेंबरमध्ये या ढिगाला आग लागली होती. मेणबत्त्या ठेवू नका, एवढं मी कळकळीने सांगेन. आगीने पॅटिना काळवंडते आणि ती परत बसवायची म्हणजे खर्चिक काम.

जिवंत टेरापिनची कथा जास्त कडू आहे. सूपसाठी माणसांनी ही कासवं बेसुमार मारली. 1994 मध्ये मेरीलँडने त्याला राज्याचा सरपटणारा प्राणी म्हणून मान दिला, पण धंद्यासाठी पकडायला बंदी यायला 2007 उजाडलं. मुलांना घेऊन गेलात तर हेही सांगा.

जायला सोपं आहे. वॉशिंग्टनहून मेट्रोची ग्रीन लाइन, कॉलेज पार्क स्टेशन, पुढे बस किंवा अर्धा तास चाल. तिकीट नाही. आवारात या कासवाच्या आणखी प्रती आहेत. मूळचं बघायचं असेल तर लायब्ररीसमोरच जा, आणि सकाळी जा: तिरप्या उन्हात खवल्यांच्या रेषा नीट उठून दिसतात. ओतकामाला पाचपैकी पाच, पोटातल्या सिमेंटला दोन.