रोजनिशीचे ॲप: नोंदी फोनवर ठेवाव्यात की सर्व्हरवर?

रोजनिशीचे ॲप करायला घेतले की पहिले कित्येक आठवडे रंगसंगती, कॅलेंडर आणि मनःस्थिती दाखवणाऱ्या इमोजींवर खर्ची पडतात. या गोष्टी पुढे कितीही वेळा बदलता येतात. नोंदी कोठे साठवायच्या हा निर्णय मात्र, लोक त्यात वर्षभर लिहीत राहिल्यानंतर, बदलणे फार जड जाते. एकट्याने किंवा दोघातिघांनी ॲप उभे करणाऱ्यांपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: फोनवरचा एसक्यूलाइट डेटाबेस किंवा गूगलच्या फायरस्टोअरसारखा क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवरचा, डेटाबेस.

फायरस्टोअरची सोय खरी आहे. लॉगिन, सिंक (सर्व उपकरणांवरच्या नोंदी सारख्या राखणे) आणि वेब आवृत्ती यांसाठी स्वतःचा सर्व्हर सांभाळावा लागत नाही, माहिती मुंबईच्या केंद्रात ठेवता येते, आणि अँड्रॉइड व आयओएसवर नेट नसतानाही लिहिणे चालू राहते. एका दस्तऐवजाला, म्हणजे इथे एका नोंदीला, १ मेबीबाइटची (सुमारे साडेदहा लाख बाइटची) मर्यादा आहे. पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते हे धरले, तरी सुमारे साडेतीन लाख चिन्हे मावतात, म्हणजे मजकुरापुरती चिंता नाही. चिंता आहे ती दोन उपकरणांची. लोकलमध्ये नेट नसताना फोनवर आणि घरी टॅबलेटवर एकाच नोंदीचा मजकूर बदलला, तर जे लेखन सर्व्हरवर शेवटी पोहोचते ते आधीच्यावर चढते, आणि रोजनिशीत गेलेला परिच्छेद पुन्हा तसाच लिहून होत नाही. शिवाय सर्व्हरवरची माहिती कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असली तरी तिची किल्ली सेवा चालवणाऱ्याकडे असते, त्यामुळे ‘तुमची डायरी फक्त तुम्हीच वाचू शकता’ असे तेवढ्या बळावर म्हणता येत नाही. तसे म्हणायचे असेल तर नोंद फोनवरच कूटबद्ध करून पाठवावी लागते, आणि मग सर्व्हरला तिच्यात शोध घेता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातील जबाबदाऱ्याही लोकांची माहिती स्वतःच्या ताब्यात घेणाऱ्यावर येतात.

एसक्यूलाइट २००० साली रिचर्ड हिप यांनी लिहायला घेतले. ते सार्वजनिक मालकीचे आहे, सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो, आणि २०५० पर्यंत ते सांभाळण्याचा त्याच्या कर्त्यांचा मानस आहे. रोजनिशीसारख्या दीर्घायुषी वस्तूला हे शोभणारे आहे. उणीव आहे ती फोन हरवल्यावरची. अँड्रॉइडचा स्वयंचलित बॅकअप प्रत्येक ॲपला २५ मेगाबाइटपर्यंतच जागा देतो, आणि नोंदींना फोटो जोडू दिले की ती लवकरच संपते. त्याहून फसवी गोष्ट अशी, की डेटाबेस एसक्यूएलसायफर या एसक्यूलाइटच्या जोडसाधनाने कूटबद्ध करून किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्येच, म्हणजे फोनमधल्या किल्ल्यांच्या सुरक्षित कप्प्यातच, ठेवली, तर बॅकअपमधून नव्या फोनवर फाइल येते, किल्ली येत नाही. म्हणून किल्ली परत मिळवण्याची वाट, पासफ्रेज किंवा लिहून ठेवण्याचा रिकव्हरी कोड, पहिल्याच आवृत्तीत हवी.

शोधाच्या बाबतीत एसक्यूलाइट उजवे ठरते. पण मराठीसाठी हा शोध तयार मिळत नाही. त्याच्या एफटीएस५ या शोधसुविधेचा मूळ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो, आणि युनिकोड या लिपिचिन्हांच्या मानकात काना, मात्रा, वेलांटी यांचा वर्ग निराळा असल्याने त्यांना तो विभाजक समजतो. परिणामी ‘दिवाळी’चे ‘द’, ‘व’, ‘ळ’ असे तुकडे होतात, आणि दिवाळीच्या आठवणी शोधणाऱ्यापुढे ‘दिवाळे’ निघाल्याची नोंदही हजर होते! टोकनायझरच्या पर्यायांत काना-मात्रांचा हा वर्ग समाविष्ट केला की हे थांबते. तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणारा ट्रायग्रॅम टोकनायझर शब्दाच्या मधला भागही शोधतो, पण त्याला किमान तीन चिन्हे लागतात, म्हणून नुसते ‘घर’ त्याला सापडत नाही; आणि ‘शाळा’ शोधल्यावर ‘शाळेत’ हाती लागावे, ही अपेक्षा दोन्हींकडून पुरी होत नाही. ‘ॲ’ हे एकच चिन्ह म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, असे दोन प्रकारे टंकले जाते, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एक करण्याची पद्धत) त्या दोहोंना एक करत नाही. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चीही तीच गत आहे. शोधसूची भरण्यापूर्वी आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळी चालणारी अशी रूपे एकसारखी करणारी स्वतःची छोटी बदलसारणी लिहिणे भाग आहे.

साध्या मार्कडाउन फाइलींचा, म्हणजे कोणत्याही संपादकात उघडणाऱ्या मजकूर-फाइलींचा, तिसरा मार्ग आहे. ज्यांचे वापरकर्ते स्वतः फाइली हाताळणारे आहेत त्यांनी तो जरूर घ्यावा, इतरांना तो गैरसोयीचा वाटेल.

वापरकर्ते पहिल्या दिवसापासून कचेरीतल्या ब्राउझरवर आणि फोनवर आलटून पालटून लिहिणार असतील, तर क्लाउड निवडावा, आणि एकाच नोंदीत दोन उपकरणांवर वेगवेगळे बदल झाल्यास दोन्ही आवृत्त्या राखून ठेवाव्यात. एरवी माझा कौल एसक्यूलाइटला आहे, मात्र पुढे सिंक जोडता येईल अशी रचना आधीच करून: प्रत्येक नोंदीला यूयूआयडी (दुसऱ्या कोणत्याही नोंदीशी न जुळणारा ओळखक्रमांक), शेवटच्या बदलाची वेळ, खोडलेल्या नोंदीची खूण, आणि लेखनाच्या क्षणापासून वेगळी ठेवलेली रोजनिशीची तारीख, कारण रात्री एक वाजता लिहिणारा माणूस बहुधा आदल्या दिवसाबद्दलच लिहीत असतो.